तिसऱ्या मजल्यावरचे दार

नातीचा जन्म जानेवारीत व्हायचा होता, म्हणून नोव्हेंबरातले परतीचे तिकीट पुढे ढकलून मी तो हिवाळा अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला माझ्या मुलाकडे, यतीनकडे, काढला. एका दुपारी तो सूनबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेला होता आणि घरात मी एकटाच होतो. दाराची घंटा वाजली. माझे गुडघे आता माझ्या आज्ञेत राहिलेले नाहीत. खुर्चीतून उठणे, काठी शोधणे, मग चालणे, हा सारा विधी सावकाश व्हायचा असतो. घंटा पुन्हा वाजली. मग दारावर थापा पडल्या. मी दिवाणखान्यापर्यंत पोचतो तोच स्वयंपाकघराच्या काचेवर दोन तळहात टेकलेले दिसले आणि त्यांच्या मधोमध एका स्त्रीचा चेहरा. गुडघाभर बर्फ तुडवून ती घराला वळसा घालून मागे आली होती.

"काका! काका, आवाज द्या! ऐकू येतंय का?"

मी दार उघडले. ती नीलांबरी होती, पलीकडच्या गल्लीतल्या त्र्यंबकराव वैरागड्यांची मुलगी. सूनबाईंसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली होती.

"अगं, गुडघे आहेत माझे. वेळ लागतो. पोलिसांना बोलावणार होतीस की काय?"

"नंबर दाबला होता," ती म्हणाली आणि हातातला फोन तिने माझ्यापुढे धरला. खरोखरच आकडे तयार होते, फक्त हिरवे बटण दाबायचे बाकी होते. "सॉरी काका. रिअली सॉरी. माझं असं होतं हल्ली."

तिच्या मुखावर जे होते त्याला मी भय म्हणणार नाही. भय सरून गेल्यावर मागे उरणारे काहीतरी ते होते. लाडवांचा डबा तिने ओट्यावर ठेवला. असे का होत असावे, हे मला पुढे काही तिच्याकडून आणि बरेचसे तिच्या वडिलांकडून कळले.

त्र्यंबकराव मूळचे नागपूरचे. दोन हजार साल उजाडताच संगणक कोलमडतील या धास्तीने अमेरिकेने जी हजारो माणसे बोलावून घेतली, त्यांतले ते एक. आले तेव्हा नीलांबरी दहा वर्षांची होती. हिवाळ्यात इथली वयस्क मंडळी सकाळी मॉलमध्ये जाऊन बंद दुकानांपुढून फेऱ्या मारतात. आमची मैत्री त्या फेऱ्यांमध्ये झाली. काटेकोर मनुष्य. त्यांचे वडील शाळेत कारकून होते, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला वाण्याची उधारी चुकती झाल्याशिवाय त्या घरात चूल पेटत नसे. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, देवांचा, ऋषींचा, पितरांचा, असे आपली परंपरा मानते. त्र्यंबकरावांना ही तीन ऋणे मान्य होती. चौथे कोणतेही ऋण त्यांना अंगावर उठलेल्या पुरळासारखे वाटे.

आणि त्यांच्याच घरात कर्ज आले होते. आठ वर्षांपूर्वी पत्नी सुमित्राबाई दीर्घ आजारानंतर गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांत रुग्णालयातली एक समाजसेविका येऊन बसायची. औषधांची ने-आण, विम्याचे कागद, आणि बाईंना रडायचे असेल तेव्हा बापलेकींना खोलीबाहेर पाठवणे, हे सारे तिने केले. आई गेल्यावर नीलांबरीने सॉफ्टवेअरमधली चांगली नोकरी सोडली आणि शिकागोत समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश घेतला. वडील म्हणाले, "लोकांची विचारपूस करायला दोन वर्षांची डिग्री? तुझी आजी हे फुकट करायची." ती म्हणाली, "आजीला भाडं भरायचं नव्हतं, बाबा." त्यांनी फी द्यायचे नाकारले. तिने सत्तावन्न हजार डॉलरचे कर्ज काढले. पदवी मिळाली, पगार निम्म्यावर आला आणि ती वडिलांच्या घरी राहायला परतली. दर महिन्याला हप्त्याचे पत्र त्यांच्याच टपालपेटीत येऊन पडे, आणि ते त्र्यंबकरावच आत आणीत.

ती एका संस्थेत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे काम पाहू लागली. त्यांच्या घरी जायचे, औषधे तपासायची, शिधा आहे की नाही ते बघायचे, चार शब्द बोलायचे. वृद्ध, अपंग, मनोरुग्ण, निराधार यांच्या सेवेतल्या अशा नोकऱ्यांना तिकडे ह्युमन सर्व्हिसेस म्हणतात. या नोकऱ्यांत माणसे टिकत नाहीत, म्हणून सरकारची एक योजना होती: एकाच संस्थेत सलग बारा महिने पूर्णवेळ काम करा, आणि तुमच्या शिल्लक शैक्षणिक कर्जातले पंचवीस हजारांपर्यंत आम्ही फेडू. वर्षामागून वर्ष, पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. नीलांबरीला आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये मंजुरी मिळाली. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी तिचे पहिले वर्ष भरायचे होते.

डिसेंबरात वॉल्टर गेला.

वॉल्टर एक्याऐंशी वर्षांचा होता. जन्मभर रेल्वेत सिग्नलचे काम केलेला. रुळांजवळच्या एका जुन्या विटांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. नीलांबरी हे नाव त्याच्या जिभेवर बसत नसे, तो तिला नीला म्हणे. बोलता बोलता हात वर करून तिला गप्प करायचा, खालून गाडी जायची, आणि तो म्हणायचा, "सव्वादोनची. चार मिनिटं लेट." घड्याळाकडे तो बघत नसे.

डिसेंबरातल्या पहिल्या मोठ्या हिमवादळाच्या दिवशी तिच्या यादीवर अठरा नावे होती, रस्ते निसरडे होते आणि ती दोन तास मागे पडली होती. तिने वॉल्टरची घंटा वाजवली. थांबली. पुन्हा वाजवली. फोन केला, आत फोन वाजल्याचे तिला ऐकू आले. तो अधूनमधून समोरच्या दुकानात जात असे. आतून एक आवाज येत होता. ठक्. ठक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक्. त्या इमारतीत वाफेचे हीटर आहेत आणि थंडीत त्यांच्या नळ्या वाजतात, हे तिला ठाऊक होते. नियमाप्रमाणे तिने ‘आम्ही येऊन गेलो’ असे छापलेले कार्ड दाराच्या मुठीला अडकवले, ऑफिसला कळवले आणि ती जिना उतरली. दाराशी ती सहा मिनिटे होती. तेवढीच तिला परवडत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसने फोन केला; कोणी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी दार उघडले. वॉल्टर स्वयंपाकघरात पडला होता, खुब्याचे हाड मोडलेले. वादळाच्या दिवशी दुपारी तो बहुधा जिवंत होता, असे डॉक्टरांचे मत पडले. त्याचा हात हीटरच्या नळीपाशी होता आणि हाताजवळ एक चमचा होता. चमचा सूप ढवळतानाही पडला असेल. शेगडीवर सूप होतेच.

चौकशी झाली. तिने प्रत्येक नियम पाळला होता, तसे लिहून आले. "पेपरवर मी क्लिअर आहे, काका," एकदा तिने मला सांगितले. मग पुन्हा म्हणाली, "पेपरवर."

तो आवाज तिच्या मागे घरी आला. कपडे धुण्याचे यंत्र, फ्रीज, छपरावरून ठिबकणारे पाणी, यांतले काहीही वाजले की ती हातातले काम टाकून उभी राही आणि कान देई. वडील न्हाणीघरात गेले की दर पाच मिनिटांनी दारावर टकटक. "बाबा, ठीक आहात ना?" "अगं, अंघोळ करतोय मी! माणसाला अंगाला साबण लावायची तरी मुभा आहे की नाही?" पहिल्या आठवड्यात ते हसले. पुढे त्यांनी अंघोळ आटोपती घेतली आणि आत असताना मोठ्याने स्तोत्र म्हणायला सुरुवात केली, तिला ऐकू येत राहावे म्हणून.

ती नोकरी सोडत नव्हती. दर मंगळवारी तिला त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर जावे लागे, कारण वॉल्टरच्या समोरच्या घरात मिसेस कोवाल्स्की नावाची नव्वदीची पोलिश बाई राहत होती आणि तीही तिच्याच यादीवर होती. वॉल्टरच्या घरात नवा भाडेकरू आला होता. त्या दाराला पाठ करून तिला कोवाल्स्कीबाईंची घंटा वाजवावी लागे. "तू माझ्याहून म्हातारी दिसायला लागलीस, पोरी," बाई म्हणायच्या. "जेवतेस की नाही? की तुमच्याकडे सगळेच उपास करतात?"

"सोडून दे," त्र्यंबकराव रोज म्हणत. ती रोज एकच उत्तर देई: "लोन आहे ना बाबा. योजनेत वर्ष मोडलं तर सगळं गेलं." मॉलच्या फेऱ्यांत त्यांनी मला हिशेब मांडून दाखवला होता. सारे फिटायला आणखी दोन वर्षे लागणार होती. दोन वर्षे दर मंगळवारी ते दार. "आणि हे कर्ज कुणामुळे? मी फी दिली असती तर?" माझ्याकडे न बघता, एका बंद दागिन्यांच्या दुकानाच्या काचेकडे बघत ते म्हणाले.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावले. स्वतः खपून नागपुरी वडाभात केला होता. नीलांबरीच्या ताटाशेजारी घडी घातलेला एक छापील कागद होता.

"हे काय?"

"वाच."

तिने वाचले. पुन्हा वाचले. "झीरो बॅलन्स? हे कुणी भरलं?"

"कुणी म्हणजे? त्यांनी आपणहून माफ केलं असेल, असं वाटतं तुला? मी भरलं. गुरुवारी. एकरकमी." वर्धा रोडवरचा प्लॉट त्यांनी आदल्या वर्षी विकला होता आणि त्या पैशांची मुदतठेव मोडली होती. खात्याचा क्रमांक त्यांनी तिच्याच पत्रांवरून घेतला होता. "उद्या सकाळी राजीनामा टाक, नीलू. आता कुणाच्या बापाला भ्यायचं नाही. तुझ्या बापाला सोडून."

ती हसली नाही. तुपाची वाटी तिने बाजूला सरकवली.

"बाबा, अठ्ठावीसला वर्ष भरत होतं."

"माहीत आहे."

"एकोणीस दिवस राहिले होते. ते पंचवीस हजार देणार होते. शिल्लक असेल त्यावर देतात ते. शिल्लकच नसेल तर कशावर देणार?"

त्र्यंबकरावांचा घास हातातच राहिला. "मग परत मागू."

"कुणाकडून? तुम्ही कर्ज फेडलंत. फेडलेलं कर्ज परत नाही मागता येत."

"हे लिहिलं होतं कुठं?"

"पहिल्याच पानावर."

"मी प्रोग्रामर होतो, वकील नव्हतो." मग त्यांचा आवाज उतरला. "तारखेला थांबायचं मला सुचलंच नाही गं. पैसे हाताशी असताना देणं ठेवायचं, हे मला कधी जमलंच नाही." घास ताटात ठेवून म्हणाले, "जाऊ देत पंचवीस हजार. तू कपडे धुवायच्या खोलीत कान देऊन उभी राहतेस, ते बघवत नाही. सोड ती नोकरी. आता कारण उरलं नाही."

"हो ना," नीलांबरी म्हणाली. "आता कारणच उरलं नाही."

ज्याच्या पायांतली बेडी निघाली त्याच्या स्वरात जी सुटका असावी, ती त्या स्वरात नव्हती. दोन महिने ती स्वतःलाही सांगत आली होती की तिला त्या मजल्यावर नेते ते कर्ज. आता कर्ज नव्हते. तरीही तिचे पाय तिकडेच जाऊ पाहत होते, हे तिला त्या ताटावर बसल्याबसल्या कळले असावे. जेवण अर्धे टाकून ती उठली.

पुढचा प्रसंग त्र्यंबकरावांनी मला बुधवारी सांगितला, फेऱ्या न मारता, मॉलमधल्या एका बाकावर बसून. मंगळवारी नीलांबरीने राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. तो देण्यापूर्वी कोवाल्स्कीबाईंचा निरोप घ्यायचा होता. रस्त्यावर काळा बर्फ, म्हणजे डांबरावर न दिसणारा निसरडा थर, होता, म्हणून वडील हट्टाने बरोबर गेले आणि गाडीत बसून राहिले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. शेवटी ते तीन जिने चढून वर गेले. त्यांची मुलगी वॉल्टरच्या दाराला कान लावून उभी होती.

"नीलू, चल."

"ऐका," ती म्हणाली.

त्यांनी ऐकले. ठक्. मग काही नाही. ठक्, ठक्.

"पाइप आहे गं. वाफेचा. जुन्या इमारतीत वाजतातच."

"हो. त्या दिवशी मीसुद्धा हेच म्हटलं, बाबा."

मला हे सांगताना त्र्यंबकरावांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून मांडीवर घेतली. "पाइपच होता हो. मला शंभर टक्के माहीत होतं. पण पाय निघेना. म्हटलं, आत जाऊन बघितल्याशिवाय पाइप आहे हे कशावरून? मी दार वाजवलं. हॅलो, हॅलो केलं. मग खाली जाऊन मॅनेजरकडून त्या नव्या भाडेकरूचा नंबर मिळवला आणि फोन लावला. तो कुठल्या गोदामात कामावर होता. म्हणाला, घरात कोणी नाही, मांजरसुद्धा नाही. तरी आम्ही उभे. समोरची म्हातारी दार उघडून बघत होती. म्हणाली, आता दोघं जण!" वीस मिनिटांनी तो आवाज आपोआप थांबला, आणि थांबला तेव्हा जे वाटले ते तो चालू असतानापेक्षा वाईट होते, असे ते म्हणाले. त्या विस्तीर्ण, उजळ मॉलमध्ये हा सरळमार्गी, हिशेबी वृद्ध एका बंद दारापुढे अजूनही उभा आहे, असे मला वाटले.

गाडीत बसल्यावर नीलांबरीने किल्ली फिरवली नाही.

"मी गेले तर पुढच्या मंगळवारी दुसरी कोणीतरी येईल. तिच्याही लिस्टवर अठरा नावं असतील. तिलाही सहाच मिनिटं मिळतील."

"मग तुला काय जास्त मिळतात?"

"अठरा फुल-टाइमला असतात. योजनेला फुल-टाइम लागतं. लागत होतं."

त्र्यंबकरावांना अर्थ उमगायला वेळ लागला. "म्हणजे मी प्लॉट विकून पैसे भरले ते तू नोकरी सोडावीस म्हणून, आणि तू नोकरी ठेवून पगार कमी करून घेणार?"

"हप्ता नाही आता. परवडेल."

"धन्य आहे तुझी!"

"रागावलात?"

"गाडी काढ. थंडी वाजतेय," ते म्हणाले.

तिची वरिष्ठ, डेनीस नावाची तीस वर्षे हेच काम केलेली बाई, आधी म्हणाली की एका माणसाने अकराच घरे घेतली तर उरलेल्या सातांचे काय. प्रश्न न्याय्य होता. नीलांबरीने एवढेच सांगितले की अठरा दारे वाजवून ती एकही उघडू शकत नाही. दोन आठवड्यांनी मान्यता आली. मार्चपासून अकरा नावे, तीन पंचमांश वेतन, त्याच भागात, त्याच इमारतीत; दाराशी थांबण्याचा जास्तीचा वेळ तिचा स्वतःचा. तो राजीनामा तिने फाडला की नाही, हे मी विचारले नाही.

माणसाने भोगलेल्या गोष्टीचा असा काही शेवट झाला की ऐकणाऱ्याला वाटते, आता तिला शांती लाभली असेल. मला तसे लिहिता येत नाही. एप्रिलमध्ये, भारतात परतण्यापूर्वी, मी निरोप घ्यायला वैरागड्यांकडे गेलो, तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. त्र्यंबकराव भात झाकून तिची वाट पाहत बसले होते. ती आली, कोट काढला, हात धुतले.

"उशीर?"

"एक बाई दार उघडेना. पस्तीस मिनिटं थांबले. मग मॅनेजरला बोलावून किल्लीने उघडलं."

त्र्यंबकराव उठून उभे राहिले. "आणि?"

"कोणी नव्हतं. केस कापायला गेली होती. आली, मला आपल्या घरात बघून खूप बोलली. मग चहा दिला."

ते खाली बसले. तिच्या ताटात भात वाढताना त्यांनी हळूच विचारले, मी तिथे आहे हे जणू विसरून, "आणि वर, तो आवाज? मंगळवारी?"

"येतो, बाबा. अजून येतो."

"मग?"

"मग काय. थांबते मी," ती म्हणाली, आणि तिने लोणच्याची बरणी जवळ ओढली.